वॅगनआर सीएनजी आणि बाबागाडी : डिकीत बसेल अशी कोणती घ्यावी?

इंदिरानगरी | शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. चिरंजीव सात महिन्यांचे झाले, वजन साडेआठ किलो. इतके दिवस कडेवर भागलं, पण आता बायकोची कंबर आणि माझा डावा खांदा दोघांनीही राजीनामा दिलाय. बाबागाडी घ्यायची ठरली आहे, अडलंय फक्त डिकीपाशी.

गाडी वॅगनआर, कंपनीची सीएनजी. माहितीपत्रकात डिकी ३४१ लिटर लिहिलेली असते, ती पेट्रोलवाल्यांची. आमच्याकडे तिथे आडवी टाकी झोपलेली आहे. टाकी आणि मागचा दरवाजा यांच्यामध्ये जी फट उरते तिच्यात सध्या दोन पिशव्या भाजी आणि एक छत्री मावते. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

वापर म्हणाल तर संध्याकाळी कॉलनीत फेरी, रविवारी इथला नाशिकचा कृषीनगर जॉगिंग ट्रॅक नाहीतर फाळके स्मारक, महिन्यातून एकदा सिन्नरला सासुरवाडी. बजेट आठ हजार, फार तर दहा. ऑनलाइन बघून डोकं फिरलं, प्रत्येकीच्या खाली 'छोट्या कारसाठी उत्तम' लिहिलेलंच आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पाथर्डीफाटा | शनिवार, रात्री ११:५२

गाडी विका, मोठी घ्या. (हलके घ्या.)

सिन्नरची_नानी | रविवार, सकाळी ६:१५

बाळा, आमची चार पोरं बाबागाडीशिवायच मोठी झाली. एक कडेवर, एक बोटाला धरून वणीचा गड चढले मी, तेव्हा ट्रॉली नव्हती. सात महिन्यांच्या पोराला माणसाची ऊब लागते. दहा हजारांत किती तूप येईल बघ.

जुईची_आई | रविवार, सकाळी ९:३०

नानी, ऊब लागतेच, पण ती ऊब साडेआठ किलोची झाली की आईची पाठ जाते हो. माझी गेली होती.

इंदिरानगरी दादा, आमच्याकडे अल्टो के१०, डिकी २१४ लिटर. मी जी चूक केली ती सांगते, तुमचे पैसे वाचतील.

पहिली बाबागाडी आम्ही हौसेने मोठी घेतली. हँडल दोन्ही बाजूंना फिरतं, खाली पाटी, वर दोन खिडक्यांचं छत, बाळ आईकडे तोंड करून बसतं, सगळं छान. घरी आली, बारशाला सगळ्यांनी कौतुक केलं. पहिल्यांदा बाहेर काढली ती सोमेश्वरला जायला. घडी केली तर तिची झाली एक चपटी खाट. डिकीत मावेना. मागच्या सीटवर उभी केली तर मी कुठे बसू? शेवटी नवरा आणि बाबागाडी कारने गेले, मी आणि जुई रिक्षाने. खोटं वाटेल, पण खरं आहे.

'घडी होते' एवढ्याने काम होत नाही. घडी कशी होते ते बघा. मोठ्या गाड्यांची घडी पुस्तकासारखी होते, म्हणजे दोन पानं मिटली, पण पानाची लांबी-रुंदी तेवढीच राहिली. छत्रीसारखी मिटणारी असते ती सडपातळ होते, पण लांब राहते. तिसरी तीनदा दुमडते आणि बॅगेएवढी होते. अल्टोवाल्यांना तिसरीशिवाय पर्याय नाही. तुम्हालाही तीच लागेल असं वाटतं.

सातपूरचा_फिटर | रविवार, सकाळी १०:०५

+१ ताईंना. छत्रीवाली आम्ही घेतली होती. मिटवल्यावर काठीसारखी दिसते म्हणून फसलो. लांबी मोजली तर मीटरभर! सिलेरिओच्या डिकीत आडवी जाईना, तिरकी घातली तर मागच्या काचेला हँडल. दोन वर्षं ती मागच्या सीटच्या पायाशी प्रवास करत होती आणि तिच्या चाकांचा चिखल माझ्या आईच्या नऊवारीला.

ओझरकर_काका | रविवार, सकाळी ११:२०

छत्रीवाल्या गाडीचा विषय निघाला म्हणून जरा अवांतर करतो, सवय आहे.

ही कल्पना काढली ती ओवेन मॅक्लारेन नावाच्या एका निवृत्त ब्रिटिश विमान अभियंत्याने, १९६५ साली. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्याने काम केलेलं. नातवंडाची अवजड बाबागाडी पाहून त्याच्या डोक्यात आलं, की विमानाची चाकं जर पोटात दुमडून जातात, तर ही का नाही? ॲल्युमिनियमच्या नळ्या घेतल्या आणि पावणेतीन किलोच्या आसपासची गाडी केली. आमचा ओझरचा विमान कारखाना १९६४ चा, मिगसाठी उभा राहिलेला. मी आयुष्य काढलं तिथे, त्यामुळे ही गोष्ट कळल्यापासून कुठलीही बाबागाडी दिसली की मी आधी खाली वाकून तिच्या बिजागऱ्या बघतो. सूनबाई लाजते.

आता मुद्द्याचं. लिटरमध्ये डिकी मोजणं थांबवा. लिटर म्हणजे पाणी ओतलं तर किती मावेल ते. बाबागाडी काही पाणी नाही, ती कोपऱ्यात शिरत नाही. तुम्हाला चार मापं हवीत: दरवाज्याच्या तोंडाची रुंदी, तोंडाची उंची, आतली रुंदी, आणि टाकीपासून दरवाज्यापर्यंतचं अंतर. हे शेवटचं माप तळाशी घेऊ नका. टाकी गोल आहे. तिचं पोट जिथे सर्वांत पुढे येतं तिथे घ्या, कारण गाडी अडकणार ती तिथेच. आणि दरवाजा बंद केल्यावर आतलं प्लास्टिक किती आत येतं तेही धरा. त्यासाठी मऊ मातीचा किंवा कणकेचा गोळा टाकीच्या पोटावर काठीच्या टोकाला लावून दरवाजा लावायचा. गोळा जेवढा चेपला तेवढं उणं.

पाथर्डीफाटा | रविवार, सकाळी ११:२६

काका, बाबागाडी घ्यायची आहे, सुखोई नाही 😄

ओझरकर_काका | रविवार, सकाळी ११:३१

सुखोई आत बसवणं सोपं असतं, हँगर मोठा असतो.

इंदिरानगरी | रविवार, दुपारी ४:१०

काका, दंडवत. कणीक बायकोने दिली नाही, पोराच्या खेळण्यातली माती वापरली.

मापं अशी: तळाशी २६ सेंटिमीटर, टाकीच्या पोटाशी २२, आणि दरवाज्याच्या आतल्या फुगवट्याचा एक गेला की राहतात २१. रुंदी भरपूर, ९० च्या वर. उंची डिकीवर झाकणासारखा असतो त्या ट्रेपर्यंत साधारण ५०, ट्रे काढला तर प्रश्नच नाही.

म्हणजे मला हवी आहे २१ पेक्षा कमी जाडीची, बाकी कितीही ऐसपैस चालेल. कपाटात फाइल उभी ठेवतात तशी. अशी असते का?

जुईची_आई | रविवार, दुपारी ४:४५

असते. विमानात वरच्या कप्प्यात ठेवता येते म्हणून ज्या विकतात त्या बघा, 'केबिन' लिहिलेल्या. या प्रकारातली जी फ्रेंच गाडी जगभर गाजली, बेबीझेन यो-यो, तिची घडी ५२ × ४४ × १८ सेंटिमीटर आणि वजन साडेसहा किलोच्या आत-बाहेर. तिची किंमत बघून झोप उडेल, पण तिच्या धर्तीवर आपल्याकडच्या कंपन्यांनीही काढल्या आहेत. लव्हलॅप, आर फॉर रॅबिट वगैरेंच्या याद्या चाळा. मात्र जाडी १८ लिहिली असली तरी चाकं धरून की चाकं सोडून ते विचारा. आणि ऑनलाइन जी मापं देतात ती बऱ्याचदा उघडलेल्या गाडीची नाहीतर पुठ्ठ्याच्या खोक्याची असतात, घडीची नसतातच.

सातपूरचा_फिटर | रविवार, सायंकाळी ६:२०

केबिनवाल्या चांगल्या, पण चाकं बघितलीत का? टिचभर. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीसाठी केलेली. सध्या सिंहस्थाच्या कामांनी अर्धं शहर खोदलेलं आहे. आमच्या भागात पेव्हर ब्लॉकचा एक दात वर, एक खाली. पुढची चाकं त्यात अशी आडवी होतात की गाडी जागच्या जागी गुडघे टेकते. पोरगं पट्ट्यात नसेल तर थेट पुढे.

पाथर्डीफाटा | रविवार, सायंकाळी ६:२८

स्मार्ट रोडच्या फुटपाथवर न्या. सव्वा किलोमीटरसुद्धा नाही, पण तेवढ्यात गुळगुळीत चालेल.

गंगापूर_रोडवाली_डॉक | रविवार, रात्री ९:१५

मुलांची डॉक्टर आहे, थोडं माझ्याही बाजूने.

बाळ सात महिन्यांचं आहे म्हणजे बहुधा आधाराने नीट बसत असेल, मान पक्की असेल. म्हणून तुम्हाला केबिनवाली चालेल. ज्यांचं बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे त्यांनी हा धागा वाचून लगेच तीच मागवू नये. त्या वयात पाठ जवळजवळ आडवी होणारी हवी. अर्धवट बसवलं की मान पुढे पडते आणि लहान बाळाला श्वासाला त्रास होऊ शकतो. काही केबिन गाड्या पूर्ण आडव्या होतात, काही नाही. विचारून घ्या.

पट्टे पाच ठिकाणी हवेत: दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक पायांच्या मधून. नुसता कमरेचा पट्टा असेल तर बाळ खालून घसरतं. हँडलला भाजीच्या पिशव्या अडकवू नका, बाळ उतरवलं की गाडी मागे कोलमडते; बाळ आत असेल तर बाळासकट. ऊन लागतं म्हणून वरून ओढणी किंवा दुपटं पांघरू नका. सावली होते, पण आत हवा कोंडते आणि तापमान वाढतं. एप्रिलमध्ये कारमध्ये राहिलेली गाडी असेल तर बसवण्याआधी बकलला हात लावून बघा. मी एका बाळाच्या मांडीवर चटका पाहिला आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचं, जे इथे अजून कुणी विचारलंच नाही. बाबागाडी डिकीत जाईल हो, पण कारमध्ये बाळ कुठे बसतं?

इंदिरानगरी | रविवार, रात्री ९:४०

…आईच्या मांडीवर. मागे. कधी कधी पुढे.

गंगापूर_रोडवाली_डॉक | रविवार, रात्री ९:५५

वाटलंच. रागवत नाही, माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं हेच उत्तर असतं. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ब आलं. १४ वर्षांखालचं मूल सीटबेल्ट किंवा मुलांच्या सीटशिवाय गाडीत असेल तर हजार रुपये दंड. दंड राहू द्या. पुढच्या सीटवर मांडीवर बाळ आणि समोर एअरबॅग, हे चित्रच डोळ्यांपुढून जात नाही. धडक झाली तर आईच्या हातात ते बाळ राहत नाही, कितीही घट्ट धरलं तरी. आठ हजार असतील तर आधी मागे तोंड करून बसवायची कार सीट घ्या, ती मागच्या सीटवर लावा, आणि मग उरलेल्यात बाबागाडी. बाबागाडी ही सोय आहे. कार सीट ही सोय नाही.

ओझरकर_काका | सोमवार, सकाळी ७:०५

डॉक्टरीणबाई बोलल्या ते गणितात मांडतो. ताशी ५० किलोमीटरवरून गाडी अर्ध्या मीटरच्या आत थांबली (धडकेत तेवढंच होतं) तर आतल्या मोकळ्या वस्तूवर तिच्या वजनाच्या वीसपट जोर येतो. साडेआठ किलोच्या बाळाला धरायला १७० किलोचा जोर लागेल. कुणाच्या हातात आहे?

हेच गणित बाबागाडीलाही लागू आहे. मागच्या सीटवर मोकळी टाकलेली सात किलोची गाडी, मागच्या ट्रेवर ठेवलेली छत्री, स्टीलचा डबा, सगळं पुढे येतं. डिकीतच ठेवा, आणि वर मोकळं राहत असेल तर एक पट्टा मारा. दुचाकीला सामान बांधायला घेतो तो रबरी हुकांचा चालेल, पण घट्ट.

सिन्नरची_नानी | सोमवार, सकाळी ७:३०

हे मात्र खरं गं बाई. माझ्या भाच्याच्या गाडीला कसारा घाटात मागून धडक बसली तेव्हा बाळ खाली पडलं होतं, देवाच्या कृपेने काही झालं नाही. सीट घ्या. बाबागाडीचं माझं मत तेच आहे.

सातपूरचा_फिटर | सोमवार, दुपारी १:४०

कार सीट घेतली की वॅगनआरमध्ये पुढची सीट पुढे सरकवावी लागते, हे लक्षात ठेवा. मागे तोंड करून लावलेली सीट तिरकी असते, जागा खाते. गाडी चालवणारा उंच असेल तर ती ड्रायव्हरच्या मागे न लावता डावीकडे लावा. दुकानदाराला सांगा, गाडीत लावून दाखव, मगच पैसे.

जुईची_आई | सोमवार, दुपारी २:१५

दादा, आणखी एक युक्ती. दुकानात जाताना खोका घेऊन जा.

इंदिरानगरी | सोमवार, दुपारी २:१८

कसला खोका?

जुईची_आई | सोमवार, दुपारी २:३०

ज्या मापाची गाडी हवी त्या मापाचा. मिक्सरचा, कुकरचा, जो असेल तो कापून चिकटवून २० सेंटिमीटर जाड करा. आधी स्वतःच्या डिकीत घालून दरवाजा लावून बघा. मग दुकानात प्रत्येक गाडी मिटवून खोक्याशेजारी ठेवायची. खोक्याबाहेर काही डोकावलं, चाक असो की हँडल, की पुढे चला. विक्रेता कितीही म्हणाला 'बसते ताई, सगळ्यांची बसते', तरी.

इंदिरानगरी | पुढचा रविवार, रात्री १०:३०

मंडळी, वृत्तांत. लांब आहे, चहा घेऊन बसा.

मेनरोडला गाडी नेण्याचा वेडेपणा केला नाही, कॉलेज रोडला गेलो. बरोबर बायको, चिरंजीव आणि पुठ्ठ्याचा खोका, ५४ × ४६ × २०. खोक्यावर अजून 'हँडल विथ केअर' छापलेलं. पहिल्या दुकानातला पोरगा म्हणाला, रिटर्न आहे का सर? दुसऱ्या दुकानात मालक स्वतः होते, साठीचे. त्यांना कल्पना इतकी आवडली की त्यांनी सात गाड्या स्वतः मिटवून ओळीत मांडल्या.

सातपैकी चार जाडीत गेल्या. पाचवीची घडी मापात, पण मिटवल्यावर कुलूप लागत नव्हतं, उचलली की अर्धी उघडायची. तिसरा मजला, एका हातात पोर, दुसऱ्या हातात उघडणारी गाडी, नको. सहावी छान होती, पण तिच्या बिजागरीत माझंच बोट चिमटलं. काकांची आठवण आली. मालक म्हणाले, २००९ साली अमेरिकेत याच कारणाने छत्री-घडीच्या दहा लाख गाड्या कंपनीने परत बोलावून बिजागऱ्यांना कापडी टोप्या दिल्या होत्या. दुकानदाराला हे माहीत असावं याचंच मला कौतुक.

सातवी घेतली. १९ जाड, चाकं धरून. सात किलोला थोडी कमी. चाकं केबिनवाल्यांपेक्षा बोटभर मोठी, पुढच्या चाकांना सरळ ठेवायचा खटका, ब्रेक एका पायाने दोन्ही चाकांना लागतो. पाठ पूर्ण आडवी होत नाही, पण आम्हाला आता गरज नाही. पैसे देण्याआधी पार्किंगमध्ये डिकीत उभी केली, दरवाजा लावला, उघडला, परत लावला. टाकीच्या पोटाला घासतही नाही. बाजूला भाजीच्या दोन पिशव्या अजून बसतात.

कार सीटही घेतली, त्यामुळे बजेटचा विषय काढू नये ही विनंती.

गंगापूर_रोडवाली_डॉक | रविवार, रात्री १०:४२

बजेटचा विषय काढत नाही. छान केलंत.

इंदिरानगरी | महिन्याभराने, शनिवार, सायंकाळी ७:५०

धागा वर काढतोय, कारण कुणीतरी व्यनीतून (खासगी निरोपातून) विचारलं कशी चालते.

जॉगिंग ट्रॅकवर मस्त. फाळके स्मारकाच्या आवारात मस्त. आमच्या गल्लीत, फिटर म्हणाले तसंच: पुढची चाकं आडवी होतात. खटका लावून सरळ ठेवली तर जाते, पण मग वळवताना मागची चाकं उचलावी लागतात. खड्डा आला की मी गाडी उलटी फिरवून मागची मोठी चाकं आधी नेतो. गोदाघाटावर नेऊ नये. सराफ बाजाराच्या उतारावरून खाली जाताना वेग आवरणारा ब्रेक नाही, माझे पायच ब्रेक. रामकुंडापाशी ओली फरशी, त्यात माणसं, त्यात गायी. शेवटी पोर कडेवर आणि गाडी मिटवून पाठीला. पट्टा आहे तिला, म्हणून जमलं.

तिसरा मजला चढणं ज्याचं त्याने ठरवावं. आम्ही आता गाडी डिकीतच ठेवतो, वर आणतच नाही. कॉलनीतल्या फेरीला पार्किंगमधून काढायची. चिरंजीव कार सीटवर पहिले चार दिवस आकाशपाताळ एक करून रडले, पाचव्या दिवशी पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला झोपले.

आणि सासूबाई सिन्नरहून आल्या होत्या. नानींसारखंच त्यांचंही मत, माणसाची ऊब वगैरे. परवा बघतो तर पोर त्यांच्या कडेवर आणि बाबागाडीत दोन किलो कांदे, एक कलिंगड.

सिन्नरची_नानी | शनिवार, रात्री ८:०५

बघ. मी काय म्हणत होते.

नाशिकरोडकर | रविवार, सकाळी १०:१०

धागा आत्ता वाचला. सिलेरिओ सीएनजी आहे, पोटापाशी किती उरतात कुणी मोजलंय का? आमचं बाळ चार महिन्यांचं आहे.

सातपूरचा_फिटर | रविवार, सकाळी १०:३५

माझी पेट्रोल होती, टाकी नव्हती. तुम्हीच मोजा. आणि चार महिन्यांचं असेल तर डॉक्टरीणबाईंचा प्रतिसाद पुन्हा वाचा, पाठ आडवी होणारी बघा.

इंदिरानगरी | रविवार, सकाळी १०:५०

खोका माझ्याकडे अजून आहे. नाशिकरोडला मंगळवारी येतोय, देवी चौकात देतो. वाटल्यास कापून बारीक करा, फक्त फेकू नका, पाथर्डीफाट्याच्या घरी पण गोड बातमी आहे असं ऐकतोय.

पाथर्डीफाटा | रविवार, सकाळी १०:५१

कुणी सांगितलं??